खुळखुळणारी सूतकाठी

नुन्झियाता स्कालीझेला टकळी आवडत नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण शिकागोच्या पश्चिमेकडच्या त्या वस्तीत एका हिवाळ्यात तिची ओळख टकळीवाली बाई अशीच व्हायची वेळ आली होती.

कालाब्रियातल्या तिच्या डोंगराळ गावात ती चालायला लागली तेव्हापासून तिच्या हातात लोकर होती. शेळ्यांमागे जाताना लोकर, झऱ्यावर जाताना डोक्यावर घागर आणि हातात लोकर. जरा थांबली की आई म्हणायची, "पाय चालताहेत ना? मग हात का थांबले?" लग्न होऊन अमेरिकेला निघाली तेव्हा बंदरावरच्या एका बुटक्या भिंतीवर तिनं टकळी ठेवली आणि ती जहाजाची शिडी चढायला लागली.

नवरा मिकेले मागून म्हणाला, "अगं, विसरलीस."

"विसरले नाही," ती म्हणाली.

शिकागोत लोकर गेली आणि विजारी आल्या. धाकटा दीर फोर्तुनातो कारखान्यातून विजारींचे गठ्ठे आणायचा आणि गल्लीतल्या बायका खिडकीपाशी बसून त्यांच्या तळाची तुरपाई करायच्या. मग मिकेले गटाराच्या खोदकामात मातीखाली गेला. दोन मुली, शोकाचे काळे कपडे आणि दिराचे गठ्ठे एवढं नुन्झियाताकडे उरलं. गठ्ठा द्यायचा की नाही, किती द्यायचा, कधी द्यायचा, हे सगळं फोर्तुनातोच्या हातात. माणूस वाईट नव्हता. पण भावाच्या मागे भावजयीचं सगळं आपणच ठरवायचं असतं, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि मनापासून वाटत असल्यामुळे त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं.

गल्लीच्या कोपऱ्यावर मिसबाईंचं घर होतं. त्याला दुसरं काही भारदस्त नाव होतं, ते दारावर दगडात कोरलेलंही होतं, पण ते कुणी घेत नसे. शहराच्या चांगल्या भागातल्या, शिकलेल्या, पैसेवाल्या घरच्या पाच-सहा बाया आपण होऊन या वस्तीत राहायला आल्या होत्या. शेजारी म्हणून राहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिली दोन वर्षं कुणाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. या बायांना नवरे का नाहीत, यावर पंपापाशी खूप चर्चा झाली. नुन्झियाताची शेजारीण मारूत्सा म्हणायची, "काहीतरी करून पळून आल्या असतील. नाहीतर स्वतःच्या घरी अंघोळीची खोली असताना इथं कोण येईल?"

पण हळूहळू बायका आपली पोरं त्यांच्या बालवाडीत सोडायला लागल्या. तिथं गरम पाण्याची न्हाणीघरं होती, ताप आला तर जिने चढून येणारी नर्स होती, तान्ह्यांसाठी उकळलेलं दूध होतं. रोज संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग भरायचे, कोपऱ्यात गावाकडच्यांचा बँड सराव करायचा. गल्लीतला कचरा महिनोन्‌महिने उचलला जात नव्हता तेव्हा थोरल्या मिसबाई, मिस हॅडली, पहाटे उठून कचऱ्याच्या गाडीच्या मागे मागे चालल्या होत्या, एकही पेटी सुटू नये म्हणून. मिकेले गेला त्या दिवशी त्याच मिस हॅडली घरी आल्या, अंगावरचा कोट काढला आणि साठलेली भांडी घासून गेल्या. नुन्झियाता ते विसरली नव्हती.

मिस हॅडली इटालियन बोलायच्या. तरुणपणी फ्लॉरेन्सला शिकलेलं ते इटालियन. त्या "कांदे महाग झालेत" म्हणाल्या तरी प्रवचन चालल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. कारखान्यात जाणाऱ्या मुलींना आपल्या आयांची लाज वाटायला लागली होती. आईला इंग्रजी येत नाही, आई डोक्याला रुमाल बांधते, आई रस्त्यातून मोठ्यानं हाक मारते. म्हणून मिस हॅडलींनी तळमजल्यावर जुन्या हुन्नरांची एक खोली काढली. दर शनिवारी संध्याकाळी तिथं कुणी सूत काढेल, कुणी टोपल्या विणेल, कुणी मडकी घडवेल, आणि मुली येऊन बघतील की आपल्या आईच्या हातात काय आहे. कल्पना चांगलीच होती. वस्तीनं तिचं नाव म्हाताऱ्यांची खोली असं ठेवलं.

त्याच शनिवारी, त्याच वेळी, वरच्या मजल्यावर बेतणीचा वर्ग चालायचा.

एकदा मुलीला न्यायला गेली असताना नुन्झियातानं त्या वर्गाच्या दाराच्या काचेतून आत पाहिलं होतं. लांबलचक टेबलावर कापड पसरलेलं. शिकवणाऱ्या बाईनं खडूनं एक वाकडी रेघ ओढली, कात्री चालवली, दोन तुकडे उचलून एकमेकांना लावले, आणि सपाट कापडातून माणसाचा खांदा निघाला. नुन्झियाता काचेपाशी उभीच राहिली. इतकी वर्षं तिनं विजारींचे तळ तुरपले होते, पण अख्खी विजार कशी होते हे तिला माहीत नव्हतं. ज्याला बेतता येतं त्याला गठ्ठ्याची वाट बघावी लागत नाही, लोक आपलं कापड घेऊन त्याच्या दारी येतात, हे मात्र तिला तिथल्या तिथं कळलं.

ती मिस हॅडलींकडे गेली. "मला वर बसवा."

"वरचा वर्ग तरुण मुलींसाठी आहे," मिस हॅडली म्हणाल्या. "त्यांना पुढं नोकरी करायची आहे. पण तुमच्या हातात जे आहे ते त्यांच्यापैकी एकीकडेही नाही. तुम्ही खाली बसा, नुन्झियाता. सूत काढा. तुमच्या मुलींना बघू दे."

"माझ्या मुलींनी माझं बरंच बघितलंय. एक हिवाळा बसेन. मग वर जाणार."

मिस हॅडली नुसत्या हसल्या. ते हसू हो म्हणणारं होतं की नाही म्हणणारं, हे नुन्झियातानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

टकळी कुठूनतरी मिळाली. सूतकाठी मिळेना. टकळी फिरवताना लोकर जिच्या टोकाला गुंडाळून कमरेला खोचतात, ती ही काठी. मिस हॅडलींना ती कालाब्रियाचीच हवी होती. कुणीतरी इलारियोचं नाव सुचवलं. इलारियो साठीचा, विधुर, गावाकडं जन्मभर मेंढपाळ होता, इथं रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ झाडायचा आणि फोर्तुनातोच्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. माणूस इतका कमी बोलायचा की तो घरात आहे हे त्याच्या चाकूच्या आवाजावरून कळायचं. सतत काहीतरी कोरत असायचा.

मिस हॅडली त्याला म्हणाल्या, "इलारियो, एक सूतकाठी करून द्याल? तुमच्या गावची असते तशी. सुंदर हवी."

"कुणासाठी?" इलारियोनं विचारलं.

"नुन्झियातासाठी."

इलारियोनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो निघून गेला. मिस हॅडलींना वाटलं, काम घेतलं.

आता कालाब्रियाच्या त्या डोंगरात सूतकाठ्या दोन प्रकारच्या. रोजची असते ती नुसती फाटा फुटलेली फांदी. दुसरी मेंढपाळ कोरतात, आयुष्यात एकदा. तिच्या टोकाला चार काड्यांचा पिंजरा असतो, आणि पिंजऱ्यात त्याच लाकडातून कोरून सुटा केलेला एक मणी. काठी हलली की मणी खुळखुळतो. मेंढपाळ ती काठी आपल्याला हव्या असलेल्या मुलीला देतो. मुलीनं ती हातात घेतली आणि खुळखुळ ऐकू आली, की झालं लग्न ठरलं. तोंडानं कुणी काही बोलायची गरज नसते.

उद्घाटनाच्या शनिवारी सगळी वस्ती लोटली. फुकट कॉफी होती हेही कारण असेल. कुणाचीतरी मखमली चोळी आणि लाल घागरा नुन्झियाताला नेसवला होता, आणि चार वर्षं काळ्यात काढलेल्या बाईला त्यात आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं वाटत होतं. इलारियो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं कॉलर लावली होती. मिस हॅडली वरच्या सुतारकामाच्या खोलीतून काठी घेऊन आल्या, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि आपल्या प्रवचनी इटालियनमध्ये म्हणाल्या, "ही आपल्या इलारियो यांनी स्वतःच्या हातानं नुन्झियातासाठी घडवली आहे."

त्यांनी काठी पुढे केली. नुन्झियातानं ती घेतली. मिसबाई देताहेत, शंभर डोळे बघताहेत, आणि ज्या बाईनं आपली भांडी घासली तिचा हात पुढे आलेला आहे. घेतली.

काठी खुळखुळली.

सगळ्या माना इलारियोकडे वळल्या. मग मारूत्सा रडायला लागली. फोर्तुनातोनं येऊन वहिनीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, इलारियोच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी पळत जाऊन लग्नात वाटतात ते साखरेत घोळलेले बदाम घेऊन आलं. बँडवाल्यांनी तुताऱ्या उचलल्या. मिस हॅडलींना वाटलं जुन्या हुन्नरांच्या खोलीला मिळालेला हा प्रतिसाद आहे, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

नुन्झियाता काठी हातात धरून बसली होती. हलली की वाजेल म्हणून ती हललीच नाही.

दुसऱ्या दिवशी फोर्तुनातो आला तो गठ्ठा न घेता आला.

"वहिनी, ईस्टरनंतरचा एखादा दिवस धरू या का?"

"कशाचा दिवस, भावोजी?"

"आता माझी थट्टा करू नका. सगळ्या वस्तीनं ऐकलं. इलारियो चांगला माणूस आहे. पीत नाही, बोलत नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही रात्रीच्या त्या मिसबायांकडे जाता-येता, लोक माझ्याकडे बघतात. एकदा त्याच्या घरात गेलात की बघायचे थांबतील."

"त्याचं घर म्हणजे तुमची मागची खोली."

"तेच म्हणतोय. घरातल्या घरात."

"मिसबाईंनी काठी दिली, भावोजी. मी प्रदर्शनात बसले होते."

"काठी इलारियोची. वाजली. काठी परत देता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. परत दिलीत तर तो माणूस या गल्लीत मान वर करून चालू शकणार नाही. आणि मीही." फोर्तुनातो दारात थांबला. "दिवस ठरेपर्यंत गठ्ठे दुसरीला देतो. तयारीत तुम्हाला वेळ नाही मिळायचा."

आवाज त्यानं वाढवला नव्हता. त्याच्या मते तो तिचं भलंच करत होता.

नुन्झियातानं त्या दिवशी मुलींना वाटाण्याची पातळ आमटी दिली, आणि शाल पांघरून ती रुळांकडे गेली. इलारियो फावड्यानं बर्फ ओढत होता.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

इलारियोनं फावडं टेकवलं. मग म्हणाला, "मिसबाई म्हणाल्या, गावची असते तशी. मी साधीच करायला घेतली. अर्धी झाल्यावर बघितलं तर पिंजरा होत होता."

"मग थांबायचंस."

"हात थांबला नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुला नको असेल तर नको म्हण. मी दुसऱ्या वस्तीत राहायला जाईन."

"तू कुठंही जायचं नाहीस," नुन्झियाता म्हणाली. "बर्फ कोण झाडणार?"

तिथून ती मिस हॅडलींकडे गेली आणि पिंजरा, मणी, सगळं सांगितलं. मिस हॅडली खुर्चीवरून उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्यामुळे झालं. मी शनिवारी सगळ्यांना समजावून सांगते. ही केवळ एक वस्तू होती, असं मी सांगते."

"तुम्ही काही समजावू नका. तुम्ही समजावलंत तर लोक म्हणतील, अमेरिकन बाईनं विधवेला शब्द मोडायला शिकवलं. मग एकही आई तुमच्याकडे पोर पाठवणार नाही. आणि इलारियोला पोरंटोरं खुळखुळ करून चिडवतील. तुम्ही फक्त तिथं असा. मी विचारेन त्याला खरं उत्तर द्या."

"आणि तुम्हाला काय हवंय, नुन्झियाता?" मिस हॅडलींनी विचारलं. या घरात येऊन त्यांनी तो प्रश्न खूप जणांना विचारला होता. पण या बाईला तिनं मागितलेलं दिलं नव्हतं, हे बहुधा त्यांना त्या क्षणी आठवलं.

"ते मी आधीच सांगितलंय," नुन्झियाता म्हणाली.

पुढच्या शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दिवस जाहीर होणार अशी बातमी फोर्तुनातोनंच पसरवली होती. नुन्झियाता आली ती आपल्या रोजच्या काळ्या कपड्यांत. मखमली चोळी घडी करून तिनं बाकावर ठेवली. कमरेच्या नाडीला कात्री बांधलेली होती.

फोर्तुनातो पुढे झाला. "वहिनी, लोक वाट बघताहेत."

"सांगते, भावोजी. आधी एक सांगा. आपल्या गावात काठी कुणाची होते? जिच्या हातात पहिल्यांदा वाजते तिची ना?"

"अर्थात."

"म्हणजे ज्या बाईनं इलारियोच्या हातातून ती घेतली, तिची."

"तेच तर म्हणतोय मी."

नुन्झियाता मिस हॅडलींकडे वळली. "मिसबाई, इलारियोनं काठी आणून कुणाच्या हातात दिली?"

मिस हॅडलींनी चष्मा नीट केला. "माझ्या."

"वाजली का?"

"सुतारकामाच्या खोलीपासून इथपर्यंत वाजत होती. मला वाटलं काहीतरी सैल राहिलंय."

मागून मारूत्साचा आवाज आला, "खरंय, खरंय. मी खुर्च्या घेऊन मागेच होते. जिन्यावर खुळखुळ खुळखुळ. मी म्हटलंसुद्धा, बाई गं, मिसबाईंकडे काय वाजतंय?"

आधी एक म्हातारी हसली. मग बँडवाले हसले. मग हसणं भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं. नियम फोर्तुनातोनंच मान्य केला होता, सगळ्यांसमोर.

"मी तर ती मिसबाईंच्या हातून घेतली, भावोजी," नुन्झियाता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "दुसरीच्या काठीनं मी नवरी कशी होणार? आणि हेही सगळ्यांनी ऐका. मला जेव्हा लग्न करायचं असेल तेव्हा मी तोंडानं सांगेन. लाकडाला माझ्या वतीनं बोलू देणार नाही. गठ्ठे द्यायचे तर द्या, नाही तर नका देऊ."

आता सगळे मिस हॅडलींकडे बघत होते. त्या कानांपर्यंत लाल झाल्या होत्या. पन्नाशी उलटलेली ती बाई, कचऱ्याच्या गाडीमागे चालली तेव्हा लाजली नव्हती. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इलारियो, माझी चूक झाली असेल तर ती मी निभावून नेईन. पण मला स्वयंपाक येत नाही, हे आधी सांगणं माझं कर्तव्य आहे."

इलारियो भिंतीपासून पुढे आला. त्याला इतक्या लोकांसमोर बोलताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं टोपी काढली.

"मिसबाई, शेळ्या सांभाळता येतात?"

"नाही."

"चीज करता येतं?"

"नाही."

इलारियोनं विचार केल्यासारखं केलं. "मग नाही जमायचं," तो म्हणाला. "काठी तुमच्याकडेच ठेवा. मी दिलेलं परत घेत नाही."

खोलीत जे हसू उठलं ते आधीच्यापेक्षा वेगळं होतं. इलारियोनं नकार दिला होता. अमेरिकेतल्या एका थोरामोठ्या घरच्या बाईला कालाब्रियाचा मेंढपाळ नाही म्हणाला होता. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी त्याला कॉफी दिली. तो भिंतीपाशी परत गेला तेव्हा त्याची मान ताठ होती. फक्त एकदाच त्यानं नुन्झियाताकडे पाहिलं, आणि तिनंही नजर चुकवली नाही. एवढं तिनं त्याला दिलं.

मिस हॅडली हळूच म्हणाल्या, "आता सूत कोण काढणार?"

नुन्झियातानं टकळी त्यांच्या हातात ठेवली. "मोडलेलं लग्न तुमचं. तुम्हीच काढा." आणि ती जिना चढून गेली.

वर शिकवणारी बाई म्हणाली, खुर्ची नाही, वर्ग भरलाय. मोडक्या इंग्रजीत नुन्झियाता म्हणाली, "खुर्ची नको. तू बसून कापतेस?" बाई उभीच होती. नुन्झियाता टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तरुण मुलींनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. थोड्या वेळानं दारात मिस हॅडली आल्या, अजून टकळी हातात धरून. नुसत्या बघत उभ्या राहिल्या, आणि मग वर्ग चालू द्या, दार आतून लावून घ्या असं खुणेनं सांगून गेल्या.

फोर्तुनातोनं गठ्ठे दिले नाहीत. तो हिवाळा वाईट गेला. नुन्झियाता दिवसा मिसबाईंच्या घराची न्हाणीघरं घासायची आणि शनिवारी टेबलाशी उभी राहायची. पहिला सदरा बेतला तो इतका चुकला की एक बाही गुडघ्यापर्यंत आली. मारूत्सानं तो आपल्या नवऱ्याला घालून गल्लीतून फिरवला, आणि नुन्झियाता खिडकीतून ओरडली, "हसा, हसा. पुढचा तुझ्याच मापाचा करते." केलाही. मग लोक कापड घेऊन यायला लागले. बाप्तिस्म्याचे झगे, लग्नाचे घागरे, नोकरी शोधायला जाणाऱ्यांचे कोट. दोन वर्षांनी फोर्तुनातो आला, बगलेत कापड घेऊन, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी. तो दारात घुटमळला. नुन्झियातानं फक्त विचारलं, "मुलगी कुठंय? मापाला मुलगी लागते, भावोजी." तेव्हापासून ती दोघं पुन्हा बोलायला लागली, अर्थात कापडाबद्दलच.

लग्न तिनं पुन्हा केलं नाही. इलारियो वारला तेव्हा त्याच्या अंगावरचा शेवटचा कोट तिनं बेतला, कुणाला हात लावू दिला नाही.

सूतकाठी खालच्या खोलीत काचेच्या कपाटात उभी राहिली. रस्त्यावरून दगडी कोळशाची गाडी गेली की कपाट हादरायचं आणि मणी वाजायचा, आणि वरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "मिसबाई, तुम्हाला बोलावताहेत." मिस हॅडलींनी कपाट हलवायला शेवटपर्यंत नकार दिला.

नुन्झियाता सत्तरीला आली तेव्हा त्या घराचा कसलासा वर्धापनदिन होता. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. त्याला जुन्या देशाहून आलेली आजी हवी होती. कुणीतरी कपाट उघडून काठी आणली, खुर्ची मांडली, शाल आणली.

"बसा आजी. ही काठी हातात धरा."

"ती माझी नाही," नुन्झियाता म्हणाली. "ज्या बाईची होती ती वारली. जागेवर ठेवा."

"मग काय धरणार?"

ते छायाचित्र अजून त्या घराच्या जिन्यापाशी टांगलेलं आहे. खुर्ची रिकामी आहे, शाल तिच्यावर तशीच पडली आहे. शेजारी काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी म्हातारी उभी आहे, हातात कात्री, आणि चेहरा असा की छायाचित्रकारानं हसा म्हटलं असेल आणि तिनं ऐकलं नसेल.